नव्या ओव्हनमधल्या करवल्या

चाकणच्या एमआयडीसीत आमची कंपनी लहान आहे. आजूबाजूला गाड्यांचे मोठमोठे कारखाने आणि त्यांच्यामध्ये दबून बसलेली आमची पांढरी इमारत. मी वेफर बनवणाऱ्या कंपनीत आहे एवढंच नातेवाइकांना माहीत होतं, आणि चाकण म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे बटाटेच आले. एका चुलत सासूबाईंनी दिवाळीत स्वस्तात पाकिटं मिळतील का, असं विचारलंही होतं. मी समजावत बसले नाही. नाही मिळणार, एवढंच सांगितलं.

आमचा वेफर म्हणजे सिलिकॉनची तळहाताएवढी गोल चकती, आरशासारखी. एकेका चकतीवर शेकडो बारीक सेन्सर तयार होतात, मग ते कापून वेगळे करतात. गाड्यांमध्ये तेलाचा, हवेचा दाब मोजायला ते लागतात. माझं काम त्यातल्या एका पायरीचं. चकती गरगर फिरवून तिच्यावर मधासारख्या दाट पॉलिमरचा थेंब सोडायचा. तो पसरून केसाहून पातळ थर बसतो. हा थर कच्चा असतो, नख लावलं तरी निघतो. तो ओव्हनमध्ये भाजून पक्का करायचा. एकदा पक्का झाला की पाणी, तेल, ॲसिड, कशालाच दाद देत नाही. कागदोपत्री याला क्युअरिंग म्हणतात. आम्ही भाजणं म्हणतो.

जुना ओव्हन माझ्याआधीपासून आहे. सकाळी सहाला तो भरायचा, दार लावायचं, आत नायट्रोजन सोडायचा, कारण हवा राहिली तर थर करपतो. मग हळूहळू तापवत साडेतीनशे अंशांवर न्यायचं, तासभर तिथेच ठेवायचं आणि तितक्याच सावकाश थंड करायचं. घाई केली की थराला बारीक भेगा. दार उघडायला दुपारचे दोन वाजतात. दिवसाला एक बॅच, त्यापेक्षा जास्त नाही.

मी बार्शीकडची. डिप्लोमा करून लग्नानंतर चिखलीत आले आणि अकरा वर्षं हा ओव्हन स्वतः भरला. विभागाची जबाबदारी माझ्याकडे आल्यावर तो अक्कांच्या हाती दिला. अक्का चाकणजवळच्याच एका गावातल्या, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठ्या. सगळी कंपनी त्यांना अक्का म्हणते, साहेबसुद्धा. शाळा आठवीपर्यंत, पण हात इतका स्थिर की चिमट्याने चकती उचलताना ती हललेली दिसत नाही. काम मीच शिकवलं त्यांना. जाड कागदावर सूचना लिहून, प्लास्टिक चढवून भिंतीला लावल्या. त्यातली एक अशी होती: स्टँडमधली एकही जागा रिकामी ठेवायची नाही.

त्याला कारण होतं. जुन्या ओव्हनमध्ये गरम वारा फिरतो. मध्येच जागा रिकामी राहिली की वारा तिथून पळतो आणि शेजारच्या चकतीची एक बाजू कमी भाजते. म्हणून माल कमी असेल तेव्हा उरलेल्या जागांत खराब झालेल्या जुन्या चकत्या घालायच्या. पहिली आणि शेवटची जागा तर नेहमीच त्यांची. कागदावर त्या डमी. अक्कांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव करवल्या ठेवलं. "लगीन न्हाई काय न्हाई, नुसतं नवरीच्या बाजूला हुभं ऱ्हायाचं," त्या म्हणाल्या, आणि ते नाव कायम झालं. वर्षानुवर्षं ओव्हनमध्ये जाऊन येऊन या करवल्या कोळशासारख्या काळ्या झाल्या होत्या.

मागच्या वर्षी आमच्याकडे नवीन सेन्सरचं काम यायचं ठरलं. हा हवेतली आर्द्रता मोजणारा. त्याच्या थराखाली जे काही होतं त्याला साडेतीनशे अंश सोसणार नव्हते. अडीचशेच्या आत भाजायला हवं होतं. जुना ओव्हन अडीचशेवर दिवसभर ठेवला तरी थर अर्धा कच्चाच राहायचा. तेव्हा साहेबांनी मायक्रोवेव्हवर चालणारं मशीन एक महिन्याच्या ट्रायलवर आणलं. घरातल्या मायक्रोवेव्हचाच प्रकार, पण एका जागी ठिणग्या उडू नयेत म्हणून आतल्या लहरी सारख्या बदलत ठेवणारा. बाहेरून वारा तापवत बसायचं नाही, थर आतूनच तापतो. त्यामुळे कमी अंशांवर आणि दीड तासात काम होतं, असं मशीनवाल्यांचं म्हणणं.

साहेब लातूरचे. मोठं बोलतात, पण मनात ठेवत नाहीत. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"म्याडम, एक महिना. जमलं तर घ्यायचं, नाही जमलं तर परत. आणि जमलं की ती सकाळची सहाची भानगड बंद. तुमचा सगळा विभाग नऊ ते पाच."

"सगळा?"

"सगळा म्हंजे सगळा. पाच बायांसाठी पहाटे बस पळवायची, पाच बायांसाठी कँटीन उघडायची. कशाला? तुमालाबी बरंच की."

मला बरंच होतं, हे खरं. विभाग माझ्याकडे आला तरी आठवड्यातले तीन दिवस मी सहाला जात होते. चिखलीतून मोशीमार्गे बस चाकणच्या चौकात पोचते तोवर उजाडत नाही. नऊला यायचं तर सकाळी चहा बसून पिता येईल, असा विचार मी केबिनमधून बाहेर येता येताच केला.

बातमी माझ्याआधी लाइनवर पोचली होती. पावणेतीनला पहिल्या शिफ्टची बस सुटते. अक्का बसजवळ माझी वाट बघत उभ्या होत्या, डबा काखेत.

"म्याडम, ते नवं मशीन आलं की आमाला बी नवाला यायचं, व्हय?"

"चाललं तर. अजून चाललेलं नाही."

"चालंलच की. तुमी हात लावल्यावर का न्हाई चालायचं." त्या हसल्या नाहीत. "पर म्हशीला जनरल शिफ्ट कळत न्हाई."

मला कळेना. त्यांनी बसच्या पायरीवर एक पाय ठेवूनच सांगितलं. घरी दोन म्हशी. पहाटेची धार मालक काढतात, म्हणजे त्यांचा नवरा. मग ते आपल्या कंपनीत जातात आणि रात्री येतात. संध्याकाळची धार चारला. पाचला डेअरीची गाडी गावात येते, थांबत नाही. मोठी म्हैस पहाटे कुणालाही पिळू देते, पण चारच्या धारेला अक्कांशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडत नाही. सुनेने बघितलं, जावेने बघितलं. लाथ मारते.

"पाचाला सुटले तर घरी पावणेसहा. तवर ती वरडून गाव गोळा करंल."

"मग?"

"मग काय. एक सोडावं लागंल. म्हशी सोडता येत न्हाईत, त्या सासूच्या हातच्या हायेत. कंपनी सुटंल."

त्यांनी रडवा सूर लावला नाही आणि मीही धीर दिला नाही. आधी मशीन चालू तर होऊ द्या, म्हटलं. बस सुटली.

मशीनबरोबर त्यांचा एक इंजिनिअर आला होता, नागपूरचा, तिशीचा, कामाला नेटका. तो तीन दिवस राहिला. नव्या मशीनचा स्टँड लहान, दहा जागांचा. ट्रायलसाठी आम्ही एका वेळी चारच चकत्या द्यायचो. त्या तो स्वतः लावायचा, दार लावायचा आणि पडद्यावरचे आकडे आम्हाला दाखवायचा. अक्का आणि मी मागे उभ्या. अक्का मान हलवत होत्या, पण त्यांचं लक्ष आकड्यांकडे नव्हतं. दार उघडल्यावर त्या चकतीकडे बघायच्या.

जुन्या ओव्हनमधून थर निघतो तो गडद, कढलेल्या तुपाच्या बेरीजवळ जाणारा रंग. अक्का या रंगावरून बॅच ओळखतात. बघून म्हणतात आज थंड होताना पंधरा मिनिटं जास्त गेली, आणि नोंद बघितली तर खरंच गेलेली असतात. नव्या मशीनमधला थर निघाला फिकट, ताज्या तुपासारखा.

"कच्चं हाय," अक्का म्हणाल्या.

इंजिनिअरने विचारलं, "ताई काय म्हणतात?"

"रंग आवडला नाही त्यांना."

त्याने समजावून सांगितलं की गडद रंग येतो तो जास्त तापल्याने, पक्का होण्याशी त्याचा थेट संबंध नाही. अक्कांनी ऐकून घेतलं. पटलेलं नव्हतं.

पण चाचणीत थर पास झाला. आमची चाचणी साधी आहे. थरावर पात्याने उभ्या-आडव्या रेघा मारून बारीक चौकोनांची जाळी पाडायची. मग तो तुकडा दोन तास वाफेत ठेवायचा. त्यासाठी एक घरगुती प्रेशर कुकर घेतलेला आहे, तो ऑडिटला आलेल्या प्रत्येक माणसाला हसायला लावतो. वाफेतून काढला की वर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढायची. कच्चा थर चौकोनांसकट पट्टीबरोबर येतो. पक्का जागेवर राहतो. तीन दिवसांत इंजिनिअरने सहा बॅचेस काढल्या आणि सहाही बॅचेसमध्ये पट्टी कोरी निघाली. तो खूश होऊन गेला. जाताना मला म्हणाला, आता तुमच्या लोकांना करू द्या. मी अक्कांना म्हणाले, "बटणं दाखवलीत त्याने. बाकी सगळं नेहमीसारखंच."

पुढच्या सकाळी अक्कांनी एकटीने पहिली बॅच केली. दुपारी पट्टी ओढली तर चौकोन पट्टीवर. सगळे नाहीत, पण निम्म्याच्या वर. मला वाटलं, माझ्याच रेघा खोल गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी एका चकतीवर द्रावकाचा थेंब टाकून बघितला. थर पांढरा पडून सुरकुतला. म्हणजे चाचणीची चूक नव्हती. थर खरंच कच्चा होता.

इंजिनिअरला फोन केला. त्याने सगळे आकडे मागवले. तापमान बरोबर, वेळ बरोबर, पडद्यावरची तापमानाची रेघ त्याच्या तीन दिवसांतल्या रेघेसारखीच. काही सापडेना. पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. साहेबांना धीर नव्हता.

"त्यांचा माणूस असताना चालतंय, नसताना चालत नाही. असलं मशीन काय करायचं? आपण माणूस घेऊन बसायचं का सोबत?"

"चार दिवस द्या."

"दिले. नंतर परत. नवीन काम नाही म्हणून कळवतो त्यांना."

दोन बाजू माझ्या डोक्यात स्पष्ट होत्या. मशीन गेलं तर नवीन सेन्सर गेला, आणि त्याच्यासाठी मी वर्षभर धावले होते. मशीन राहिलं तर अक्का जाणार. इंजिनिअर असताना मशीन चालतं. अक्का एकट्या असल्या की चालत नाही. हे जुळवायला फार अक्कल लागत नाही. मी दोन दिवस ते मनातून हाकललं आणि तिसऱ्या दिवशी हाकलणं सोडलं. संशय मनात ठेवून माणसाशी गोड बोलणं मला जमत नाही. कपडे बदलायच्या खोलीत अक्का टोपी घालत होत्या, तिथेच विचारलं.

"अक्का, मशीन मुद्दाम बिघडवताय का?"

त्यांनी टोपी पूर्ण घातली, केस आत सारले. मग माझ्याकडे बघितलं.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला वाटलं."

"तुमाला वाटलं." त्या मास्क हातात धरून थांबल्या. "चौदा वर्सं झाली. एक चकती फुटली आन् म्या झाकली, असं कदी झालं?"

"नाही."

"मग बिघडवायचं असतं तर तवाच सांगून बिघडवलं असतं. म्या म्हनलं व्हतं कच्चं हाय. कच्चंच निघालं. आता म्हंता अक्कांनी केलं." मग मास्क चढवत, "आज म्या घालते. तुमी हितं खुर्ची टाकून बसा. पोलिसावानी बसा."

बसले. आमच्या धूळबंद क्लीनरूममध्ये खुर्ची नसते, स्टूल असतं. ते मशीनसमोर ओढलं. अक्कांनी चारही चकत्या चिमट्याने उचलून स्टँडच्या मधल्या जागांत लावल्या. स्वच्छ काम. मग त्यांनी खालचा डबा उघडला आणि सहा काळ्या करवल्या एकेक करून उरलेल्या जागांत घातल्या. सर्वांत वरच्या जागी एक, सर्वांत खाली एक, बाकी मध्ये. दार लावायला हात गेला.

"थांबा," मी म्हटलं. "ह्या कशाला?"

अक्कांनी जुन्या ओव्हनच्या भिंतीकडे बोट दाखवलं. माझं अक्षर. प्लास्टिकखाली पिवळं पडलेलं. स्टँडमधली एकही जागा रिकामी ठेवायची नाही. खाली दोनदा रेघ मारलेली.

"तो इंजिनिअर घालत नव्हता."

"त्यो पावना. त्याला काय म्हाईत आपली रीत. तुमी म्हनला, बाकी सगळं नेहमीसारखं."

मी स्टुलावर बसून राहिले. मशीनला तापमान कळतं ते वरून रोखलेल्या एका डोळ्यातून, आणि तो डोळा बघतो सर्वांत वरच्या चकतीकडे. हे इंजिनिअरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी वहीत लिहूनही घेतलं होतं. तो वरची जागा आमच्या खऱ्या चकतीला द्यायचा. अक्का तिथे करवली ठेवत होत्या. आणि कोळसा झालेला थर मायक्रोवेव्ह इतक्या हावरेपणाने खातो की करवली भराभर तापत होती. डोळ्याला दिसे अडीचशे. मशीन समजे झालं काम, आणि जोर कमी करे. खालच्या खऱ्या चकत्या अजून कोमट. शिवाय सहा करवल्या मिळून बाकीचा वाटाही घेत होत्या. पडद्यावरची रेघ मात्र नेमकी बरोबर, कारण ती करवलीची रेघ होती.

जुन्या ओव्हनमध्ये सोबतीला करवल्या कितीही असू देत, वारा सगळ्यांना सारखाच तापवतो. इथे आत जे जे आहे ते ते वाटेकरी. एवढी साधी गोष्ट. मी ती अक्कांना सांगायला लागले, डोळा, वाटा वगैरे, आणि माझं निम्मं बोलणं व्हायच्या आत त्या म्हणाल्या:

"म्हंजे डब्यावानी."

"कसले डबे?"

"कँटीनच्या मायक्रोवेव्हमदी. एकीचा डबा ठिवला तर मिंटात वाफ. पाच जणींचं एकदम कोंबलं की कुणाचंच गरम न्हाई. त्या असेंब्लीतल्या पोरीच्या डब्यात रस्सा असतोय, त्यो तेवडा उकळतो. आपली भाजी गार."

"तसंच."

"मग हे आदी सांगायचं न्हाई व्हय?"

अक्कांनी करवल्या काढून डब्यात ठेवल्या. मी त्यांना सर्वांत वरच्या जागी खरी चकती लावायला सांगितली, बाकी तीन तिच्या खाली, उरलेलं मोकळं. मोकळ्या जागांकडे बघून त्यांचा हात दोनदा डब्याकडे गेला आणि दोनदा मागे आला.

"उघडं उघडं वाटतंय," त्या म्हणाल्या आणि दार लावलं.

दुपारी कुकर उतरवला. पट्टी मी ओढली नाही, अक्कांना ओढायला दिली. कोरी. दुसरा तुकडा, कोरी. चारही चकत्यांची कोरी. अक्कांनी पट्टी उजेडात धरून उलटसुलट बघितली.

"रंग कच्चाच हाय," त्या म्हणाल्या. "पर धरलंय."

मग त्यांच्या तोंडाकडे बघून मला उमगलं की हे धरल्याने त्यांचं काय होणार आहे ते त्यांना माझ्याआधी दिसलेलं होतं. पट्टी त्यांनी नीट वहीत चिकटवली, तारीख घातली, आपली सही केली. मी म्हटलं, "अक्का, मी चुकीचा संशय घेतला." त्या म्हणाल्या, "बरं." आणि बस पकडायला गेल्या.

चिखलीला पोचेपर्यंत बसमध्ये मी कागदावर वेळा मांडत होते. दया म्हणून मांडत नव्हते. जिच्या हातात चकती हलत नाही आणि जी रंगावरून पंधरा मिनिटं ओळखते ती बाई घालवून दोन नव्या मुली शिकवायच्या, त्यात माझं वर्ष गेलं असतं. शिवाय माझ्या कागदाने तिला चोर ठरवलं होतं. तो हिशेब माझा मला चुकता करायचा होता.

सकाळी साहेबांपुढे पट्ट्या ठेवल्या. ते खूश झाले. नेमकं काय झालं होतं, विचारलं. माझ्या सूचनेमुळे झालं, म्हणून सांगितलं आणि भिंतीवरचा कागद काढून आणला होता तोही पुढे ठेवला. त्यांनी वाचला.

"चौदा वर्षं हे भिंतीवर हाय? आन् मी कदी वाचलं नाही." मग हसले. "चला, मशीन ठेवू. शिफ्टचं पत्र काढतो."

"जुना ओव्हन किती वाजता भरायचा?"

"नऊला."

"उघडायचा कधी?"

"पाचला... " ते थांबले. "पाचला तर शिफ्टच सुटली. बरं, रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी उघडा."

"रात्री नायट्रोजन चालू आणि विभागात माणूस नाही. सेफ्टीवाले पहिल्याच फेरीत लाल शेरा मारतील. आणि लाइट गेली तर? बुधवारी भरलेली बॅच गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीत आतच."

"मग जुना बंद करा. सगळंच नव्यात भाजा."

"गाड्यांचा माल?"

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. गाड्यांच्या सेन्सरला गिऱ्हाइकाने जुन्या ओव्हनवर मंजुरी दिलेली आहे. त्यातला एक अंश बदलायचा तरी त्यांना कळवावं लागतं, मग त्यांच्या चाचण्या, मग गाडीवरच्या चाचण्या. वर्ष-दोन वर्षं कुठे गेली नाहीत. हे माझ्याइतकंच साहेबांना ठाऊक होतं. नव्या मशीनच्या आनंदात ते जरा बाजूला पडलं होतं, इतकंच.

मी बसमधला कागद काढला. सहाला जुना ओव्हन भरायचा. तो भरला की दुपारी दोनपर्यंत त्याच्यापाशी नुसतं बसून राहायचं असतं. मी अकरा वर्षं बसलेय. त्या वेळात तीच बाई नव्यात चार बॅचेस काढते. दोनला जुना रिकामा करून अडीचला सुटी. सहाच्या शिफ्टला दोघी पुरेत, बाकीच्या तिघी नऊला. बसचं म्हणाल तर शेजारच्या कारखान्याची बस त्याच रस्त्याने पहाटे येते, दोन जागा विचारून बघा.

"म्हंजे तुमाला अक्का सहालाच पायजेत."

"मला जुना ओव्हन सहाला भरायला पाहिजे. अक्का सोडून कुणाला येतो?"

"तुमाला येतो."

"मला नऊला यायचंय."

साहेब हसले आणि कागद ठेवून घेतला. दोन दिवसांनी शेजारच्यांनी बसच्या जागा दिल्या. पत्र निघालं ते तिघींच्या नावाचं. त्यात माझंही नाव होतं, नऊ ते पाच.

अक्कांना मी ओव्हनपाशीच सांगितलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले. एक, दोन मशीन सांभाळायची तर दुसरी बाई कोण. दुसरा, शेजारच्यांची बस परत जाताना पावणेतीनला सुटते की तीनला. तीनला, म्हटलं. त्यांनी बोटांवर मोजलं. "जमंल. साडेतीनला घरी. च्या पिऊन धार." नव्या मशीनसाठी नवा कागद लिहायचा होता. या वेळी मी लिहिला नाही. अक्कांनी सांगितलं, सहाच्या शिफ्टच्या दुसऱ्या बाईने लिहिला, मी फक्त वाचून सही केली. एक ओळ मला खोडावीशी वाटली होती, 'वरली जागा नवरीची', पण ऑडिटवाल्यांना विचारायचं ते विचारू दे म्हणून राहू दिली.

दोन महिन्यांनी धाकटी म्हैस व्याली. अक्का बाटलीत चीक घेऊन आल्या, गूळ आणि वेलदोड्यासकट. आदल्या दिवशीच घरी खरवस करून आणता आला असता, पण त्यांना वेळ नव्हता. कँटीनमध्ये अकराच्या चहाला बाटली मध्ये ठेवून चर्चा सुरू झाली. दुसरी बाई म्हणाली, मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटांत होतो, माझी बहीण करते.

"आन् मदी कच्चा ऱ्हातो," अक्का म्हणाल्या.

"राहत नाही. एकच भांडं ठेवायचं, हळू ठेवायचं."

"आता मला शिकवतीय."

शेवटी निम्मा चीक कँटीनवाल्याने इडलीच्या पातेल्यात वाफेवर लावला आणि निम्मा मायक्रोवेव्हमध्ये गेला. मायक्रोवेव्हचा आधी झाला. कडेला जरा रबरासारखा, मध्ये ठीक. पातेल्यातला यायला अर्धा तास लागला, तोवर चहाची सुट्टी संपून गेली होती आणि मी सगळ्यांना उठवायला हवं होतं. उठवलं नाही. अक्कांनी दोन्हीतला एकेक तुकडा माझ्या ताटलीत टाकला आणि कुठला चांगला ते सांगा म्हणाल्या. मी दोन्ही खाल्ले. पातेल्यातला चांगला होता, तसं सांगितलं. दुसऱ्या बाईने तोंड वाकडं केलं. अक्का घड्याळ बघून उठल्या. नव्या मशीनमधली तिसरी बॅच निघायची वेळ झाली होती.